फिक्स्ड रेट मॉर्गेजच्या डील्सची तुलना कशी करायची : यूकेतल्या मराठी मंडळींसाठी, पायरीपायरीने

आमच्या ग्रुपवर सारखं कुणीतरी विचारतं, "मला ४.१० मिळतोय, घेऊ का?" आणि खाली लगेच सात-आठ जण लिहून मोकळे होतात की मला ४.०५ मिळाला, मला ३.९९ मिळाला, तू ब्रोकर बदल. लोन किती, फी किती, डिपॉझिट किती टक्के आणि फिक्स किती वर्षांचा, हे मात्र कुणी विचारत नाही. या चार गोष्टी माहीत नसतील तर दोन दरांची तुलना होऊच शकत नाही. तरी लोक नुसत्या दरावर निर्णय घेतात आणि शेकडो, कधी हजारो पौंड उगाच जास्त भरतात. म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवतेय.

हे इंग्लंडमधल्या राहत्या घराबद्दल आहे, साध्या रिपेमेंट मॉर्गेजबद्दल, म्हणजे ज्यात हप्त्यातून व्याज आणि मुद्दल दोन्ही फिटतं. बाय टू लेटचे, म्हणजे भाड्याने द्यायला घेतलेल्या घराचे, नियम वेगळे. उदाहरणातले दर हिशोब समजावा म्हणून धरलेत, तुमचे दर तुम्ही त्या दिवशी बघायचे.

सुरुवातीलाच एक गोष्ट, कारण निम्मे घोटाळे तिथूनच होतात. आपल्या डोक्यात भारतातलं होम लोन बसलेलं असतं: एकदा घेतलं की वीस वर्षं तेच, दर वरखाली होत राहतो, बोनस आला की भरून टाकायचा, आणि फ्लोटिंग असेल तर प्रीपेमेंटला दंड नाही. इथे तसं नाही. लोनची मुदत २५ किंवा ३० वर्षं असते पण दर फिक्स असतो बहुतेक दोन, तीन किंवा पाच वर्षं. ती संपली की तुम्ही आपोआप बँकेच्या स्टँडर्ड व्हेरिएबल रेटवर, म्हणजे एसव्हीआरवर जाता, जो एरवी चांगलाच महाग असतो, आणि फिक्सच्या काळात ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पैसे भरले तर दंड बसतो. म्हणजे तुलना करायची ती फक्त फिक्सच्या काळापुरती, २५ वर्षांची नाही.

पायरी १ : वेबसाइट उघडायच्या आधी हे लिहून काढा

एका कागदावर किंवा एक्सेलमध्ये लिहा:

१. घराची किंमत.
२. हातात असलेले एकूण पैसे, आणि त्यातून स्टँप ड्युटी, सॉलिसिटर, सर्व्हे, सामान हलवणं हे वजा करून डिपॉझिटला खरंच किती उरतात.
३. लोनची मुदत किती वर्षं ठेवायची.
४. या घरात किमान किती वर्षं नक्की राहणार.
५. पुढच्या पाच वर्षांत मोठी रक्कम येणार आहे का. बोनस, शेअर्स, भारतातली जागा विकून येणारे पैसे, काहीही.
६. व्हिसा कधीपर्यंत आहे, आयएलआर (यूकेत कायम राहायची परवानगी) कधी मिळू शकतो.
७. आधीचं मॉर्गेज असेल तर सध्याचा फिक्स कोणत्या तारखेला संपतो.

दुसऱ्या मुद्द्यावर थोडं थांबा, कारण आपल्या लोकांना सगळ्यात मोठा धक्का तिथेच बसतो. समजा घर ३,२०,००० पौंडांचं आहे. फर्स्ट टाइम बायर असाल तर सध्याच्या दराने स्टँप ड्युटी १,००० पौंड. पण पुण्यात किंवा ठाण्यात तुमच्या नावावर फ्लॅट असेल तर तुम्ही फर्स्ट टाइम बायर नाही, कारण जगात कुठेही घर असलं तरी ते धरलं जातं. इतकंच नाही, त्या फ्लॅटमधला तुमचा हिस्सा ४०,००० पौंड किंवा जास्त किमतीचा असेल तर इथलं घर दुसरं घर म्हणून मोजलं जाऊ शकतं आणि वर ५ टक्के सरचार्ज लागतो. मग त्याच घरावर ६,००० अधिक १६,००० असे २२,००० पौंड जातात. फ्लॅट फक्त नवऱ्याच्या किंवा फक्त बायकोच्या नावावर असला तरी सरचार्जसाठी जोडपं एकच धरतात. वारसाहक्काने आलेल्या हिश्शाचे नियम थोडे वेगळे आहेत, ते सॉलिसिटरला आधीच विचारा, घरासाठी ऑफर दिल्यावर नको.

मॉर्गेजच्या तुलनेशी याचा काय संबंध? सरळ आहे. तुमच्याकडे ७१,००० पौंड आहेत आणि स्टँप ड्युटी १,००० आहे, तर डिपॉझिट ७०,००० आणि लोन अडीच लाख. स्टँप ड्युटी २२,००० निघाली तर डिपॉझिट ४९,००० आणि लोन २,७१,०००. लोन बदललं की दरांची अख्खी यादीच बदलते, ते पुढच्या पायरीत येतंय.

तपासा: डिपॉझिटमध्ये आईवडिलांनी भारतातून पाठवलेले पैसे असतील तर गिफ्ट लेटर (हे पैसे भेट आहेत, परत द्यायचे नाहीत असं पत्र) आणि त्यांची बँक स्टेटमेंट्स आत्ताच मागवून ठेवा. काही लेंडर परदेशातून आलेलं गिफ्ट घेताना जास्त चौकशी करतात, आणि कागद नाहीत म्हणून एखादी चांगली डील हातची जाऊ शकते.

पायरी २ : तुमचा एलटीव्ही बँड ठरवा

लोन भागिले घराची किंमत म्हणजे एलटीव्ही. बँका दर ठरवतात ते बँडनुसार: साधारण ६०, ७५, ८०, ८५, ९०, ९५ टक्के. ३,२०,००० च्या घरावर अडीच लाख लोन म्हणजे ७८.१ टक्के, म्हणजे तुम्ही ८० च्या बँडमध्ये. मित्र जो दर सांगतोय तो ६० च्या बँडमधला असेल तर तो तुमच्यासाठी नाहीच, त्यावरून वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही.

आता दोन्ही बाजूंना बघा. खालच्या बँडमध्ये जायला किती लागतात? ७५ टक्के म्हणजे २,४०,००० लोन, म्हणजे आणखी १०,००० पौंड डिपॉझिट. ते उभे करता येत असतील तर दोन्ही बँडचे दर काढा आणि फरक बघा. कधी तो फरक नगण्य असतो, मग दहा हजार घरात हाताशी ठेवलेलेच बरे. वरच्या बाजूचा धोका वेगळा आहे. बँकेच्या व्हॅल्युअरने घराची किंमत ३,१०,००० च धरली तर तेच अडीच लाख ८०.६ टक्के होतात आणि तुम्ही सरळ ८५ च्या बँडमध्ये जाता. बँडच्या अगदी काठावर असाल तर दोन-तीन हजारांची जागा ठेवा.

सावध: ७९.९ टक्क्यांवर असताना फी लोनमध्ये टाकली तर काही लेंडरकडे तुम्ही ८० च्या वर जाता, काही लेंडर फी वेगळी धरतात. हे ज्याचं त्याला विचारायचं.

पायरी ३ : जे मिळणारच नाही ते आधीच गाळा

स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर प्रत्येक लेंडरचे नियम वेगळे असतात. कुणाला यूकेत ठराविक काळ राहिलेलं लागतं, कुणाला व्हिसावर ठराविक महिने शिल्लक लागतात, कुणी आयएलआर नसेल तर जास्त डिपॉझिट मागतं. कंपॅरिझन साइटवर वर दिसणाऱ्या पहिल्या पाच डील्सपैकी तीन तुम्हाला लागूच नसतील. त्यामुळे व्हिसा असलेल्यांनी साइटवर रात्र घालवण्याआधी ब्रोकरला एकच प्रश्न विचारावा: माझ्या व्हिसावर आणि माझ्या एलटीव्हीला कोण कोण लोन देतं? ती यादी आली की मग तुलना. सेल्फ एम्प्लॉइड किंवा कॉन्ट्रॅक्टर असाल तर हेच.

पायरी ४ : सगळे आकडे एकाच दिवशी, एकाच मापाने गोळा करा

फिक्स्ड दर बँक ऑफ इंग्लंडच्या बेस रेटवर थेट चालत नाहीत, ते मुख्यतः बाजारातल्या स्वॅप रेट्सवर हलतात, म्हणजे पुढच्या काही वर्षांसाठी बँका आपापसात जो ठरीव दर लावतात त्यावर. म्हणूनच बेस रेट कमी झाल्याची बातमी येते आणि फिक्स्ड दर तिथेच राहतात, किंवा काहीच बातमी नसताना बँक संध्याकाळी डील मागे घेते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये मिनी बजेटनंतर तर शेकडो डील्स काही दिवसांत गायब झाल्या होत्या. मागच्या मंगळवारचा एक दर आणि आजचा दुसरा दर शेजारी ठेवले तर ती तुलना फुकट गेली.

कुठे बघायचं? तीन ठिकाणी, आणि तिन्ही: एखादी कंपॅरिझन साइट, एक ब्रोकर, आणि थेट बँकांच्या वेबसाइट. काही डील्स फक्त ब्रोकरकडून मिळतात, काही फक्त थेट. साइटवर फिल्टर नीट बघा, बऱ्याचदा आमच्यामार्फत अर्ज करता येतील अशाच डील्स दाखवा हा पर्याय आधीपासून चालू असतो, तो बंद करा. ब्रोकरला हे विचारायला लाजू नका:

तुम्ही होल ऑफ मार्केट आहात, म्हणजे बाजारातले बहुतेक लेंडर बघता, की ठराविक लेंडरच्या पॅनेलवरच काम करता?
तुमची फी किती, आणि ती कधी द्यायची, अर्ज करताना की कंप्लीशनला (घर ताब्यात येतं आणि लोन सुरू होतं त्या दिवशी)?
लेंडरकडून तुम्हाला किती कमिशन मिळतं?
थेट मिळणाऱ्या डील्स तुम्ही मला सांगाल का?

चांगला ब्रोकर चारही उत्तरं शांतपणे देतो. उत्तर टाळलं तर दुसरा शोधा. आणि एफसीएच्या (ब्रोकर आणि बँकांवर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा) रजिस्टरवर नाव आहे का ते दोन मिनिटांत बघून घ्या.

एकाच मापाने म्हणजे काय, तर प्रत्येक ठिकाणी तीच घराची किंमत, तेच लोन, तीच मुदत टाका. साइटवर मुदत कधी २५ वर्षं भरलेली असते, कधी ३०, कधी ३५, आणि लोक न बघता हप्ता बघतात. अडीच लाखांवर ४.३५ टक्क्यांनी २५ वर्षांचा हप्ता १,३६८ पौंड येतो, ३५ वर्षांचा १,१६०. दर तोच! हप्ता २०८ ने कमी दिसला म्हणून डील स्वस्त झाली नाही. दर शेवटपर्यंत तोच राहिला असं धरलं तर ३५ वर्षांत व्याज सुमारे ७७,००० पौंड जास्त जातं. मुदत जास्त ठेवायला कारण असू शकतं, नर्सरीची फी चालू असताना दर महिन्याला दोनशे पौंड हाताशी असणं मोठी गोष्ट आहे, पण तो वेगळा निर्णय आहे, डील्सची तुलना करताना तो मध्ये आणू नका.

पायरी ५ : खरा हिशोब

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, घाई करू नका.

दोन डील्स घेऊ. दोन्ही दोन वर्षांच्या, अडीच लाख लोन, २५ वर्षं मुदत.
डील अ: ४.१० टक्के, फी १,४९९ पौंड.
डील ब: ४.३५ टक्के, फी नाही.

बहुतेक लोक अ घेतात. दर पाव टक्क्याने कमी, हप्ता १,३३३ विरुद्ध १,३६८, म्हणजे महिन्याला ३५ पौंड वाचले असं वाटतं.

आता प्रत्येक डीलसाठी हे तीन आकडे मिळवून बेरीज करा: फिक्सच्या काळातले सगळे हप्ते, सगळ्या फिया (कॅशबॅक असेल तर तो वजा), आणि फिक्स संपताना उरलेलं लोन.

डील अ: हप्ते ३२,००२, फी १,४९९, उरलेलं लोन २,३८,०३४. बेरीज २,७१,५३५.
डील ब: हप्ते ३२,८४१, फी शून्य, उरलेलं लोन २,३८,४३४. बेरीज २,७१,२७५.

म्हणजे ब सुमारे २६० पौंडांनी स्वस्त. जास्त दराची डील स्वस्त!

उरलेलं लोन का धरायचं ते बघा. नुसते हप्ते आणि फी मिळवली असती तर ब तब्बल ६६० पौंडांनी स्वस्त दिसली असती, आणि तेही चूक आहे, कारण दर कमी असल्यामुळे अ मध्ये दोन वर्षांनी ४०० पौंड मुद्दल जास्त फिटलेलं असतं. ते तुमचेच पैसे आहेत. बरेच जण, काही कॅल्क्युलेटरसुद्धा, हा तिसरा आकडा धरतच नाहीत.

हाच हिशोब चार लाखांच्या लोनवर केला तर उलटं होतं, अ सुमारे ४८० पौंडांनी स्वस्त पडते, कारण फी तेवढीच आणि पाव टक्का मोठ्या रकमेवर वाचतो. या दोन डील्ससाठी काटा फिरतो तो साधारण तीन लाखांवर. म्हणून ग्रुपवर चार लाख लोनवाल्याने बरोबरच निवडलेली डील तुम्ही दोन लाखांवर घेतली तर तुमचं नुकसान.

उरलेलं लोन काढायचं कसं? ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये अमॉर्टायझेशन किंवा बॅलन्सचा तक्ता असतो, त्यात २४ व्या महिन्याची ओळ बघा. एक्सेल येत असेल तर पीएमटी फंक्शन हप्ता काढतं आणि एफव्ही फंक्शन शिल्लक.

झटपट चाचणी: दरातला फरक गुणिले लोन गुणिले वर्षं, आणि ते फीशी ताडून बघा. इथे पाव टक्का म्हणजे अडीच लाखांवर वर्षाला ६२५, दोन वर्षांत १,२५०. फी १,४९९. वाचतात त्यापेक्षा फी जास्त, म्हणजे फीवाली डील नको. पंधरा डील्सच्या यादीतून चार निवडायला एवढं पुरतं, शेवटच्या चारांसाठी मात्र पूर्ण हिशोब करा.

फियांमध्ये काय काय धरायचं: प्रॉडक्ट फी किंवा अरेंजमेंट फी, बुकिंग फी, व्हॅल्युएशन फी, ब्रोकरची फी, पैसे पाठवायची फी, आणि रीमॉर्गेज (त्याच घराचं लोन दुसऱ्या बँकेकडे नेणं) असेल तर जुन्या बँकेची एक्झिट फी आणि वकिलाचा खर्च. एखादी डील फ्री व्हॅल्युएशन आणि फ्री लीगल देत असेल तर दुसऱ्या डीलमध्ये तो खर्च मिळवायला विसरू नका, नाहीतर माप एकसारखं राहत नाही.

आणि फिक्स कधी संपतो ते बघा. काही डील्स कंप्लीशनपासून बरोबर दोन वर्षं असतात, काही ठराविक तारखेपर्यंत, समजा ३० सप्टेंबरपर्यंत. एक २४ महिन्यांची आणि एक २७ महिन्यांची असेल तर बेरजेतून मूळ लोन वजा करा म्हणजे खरा खर्च उरतो, आणि त्याला महिन्यांनी भागा. वरच्या उदाहरणात अ महिन्याला ८९७ आणि ब ८८६. असं महिन्यावर आणलं की वेगवेगळ्या तारखांच्या डील्सही शेजारी ठेवता येतात.

सावध, एपीआरसीबद्दल: प्रत्येक डीलखाली एपीआरसी म्हणून एक आकडा असतो आणि तो अधिकृत दिसतो म्हणून लोक त्यावर विसंबतात. तो आकडा असं धरून चालतो की फिक्स संपल्यावर तुम्ही उरलेली २३ वर्षं त्याच बँकेच्या एसव्हीआरवर बसून राहणार. तुम्ही तसं करणार नाही. दोन वर्षांच्या दोन डील्समध्ये निवड करायला एपीआरसी वापरू नका, तो बघून स्वस्त डील हातची जाते.

पायरी ६ : फी आत्ता भरायची की लोनमध्ये टाकायची

लोनमध्ये टाकली तर त्यावर २५ वर्षं व्याज चालतं. १,४९९ पौंडांचे ४.५ टक्क्यांनी सुमारे २,५०० होतात. पण आधीच भरली आणि घराचा व्यवहार फिसकटला (इंग्लंडमध्ये एक्सचेंज, म्हणजे दोन्ही बाजूंना बांधणारा करार, होईपर्यंत विक्रेता कधीही मागे फिरू शकतो) तर ती परत मिळेल का, हा प्रश्न राहतो. बुकिंग फी तर बहुतेक परत मिळत नाहीच. म्हणून बरेच जाणकार असं करतात: अर्ज करताना फी लोनमध्ये टाकायची, आणि घर ताब्यात आलं की ओव्हरपेमेंटच्या मर्यादेत तेवढी रक्कम लगेच भरून टाकायची. एलटीव्हीच्या काठावर नसाल तर हे सगळ्यात सुरक्षित.

पायरी ७ : अटी वाचा, विशेषतः बाहेर पडायच्या

दोन डील्सचा खर्च शंभर-दोनशे पौंडांच्या आत असेल तर निर्णय अटींवर घ्यायचा, आणि मी म्हणेन की पाच वर्षांच्या डीलमध्ये तर अटी आधी वाचा आणि दर नंतर.

पहिली अट अर्ली रिपेमेंट चार्ज, म्हणजे ईआरसी. पाच वर्षांच्या फिक्समध्ये बऱ्याचदा पहिल्या वर्षी ५ टक्के, मग ४, ३, २, १ असा उतरता असतो, पण प्रत्येक बँकेचा वेगळा, कुठे शेवटपर्यंत जास्तच राहतो. तिसऱ्या वर्षी घर विकलं आणि २,३०,००० शिल्लक असतील तर ३ टक्क्यांनी ६,९०० पौंड. दरात वाचवलेले सगळे पैसे एका दिवसात गेले. दोन वर्षांनी भारतात परत जायचं की नाही हे घरात अजून ठरलेलं नसेल तर पाच वर्षांचा फिक्स घेण्याआधी या आकड्याकडे नवराबायकोने एकत्र बसून बघा.

दुसरी, ओव्हरपेमेंट. साधारण वर्षाला १० टक्के चालतात, पण कशाच्या १० टक्के आणि वर्ष कोणतं? काही जण वर्षाच्या सुरुवातीच्या शिल्लकीवर धरतात, काही मूळ लोनवर. कुणाचं वर्ष १ जानेवारीपासून, कुणाचं डील सुरू झाल्याच्या तारखेपासून. ज्यांना भारतातली जागा विकून एकरकमी पैसे आणायचे आहेत त्यांनी हे अगदी बारकाईने बघा. समजा ६०,००० पौंड येणार आहेत आणि शिल्लक २,४०,००० आहे, तर वर्षाला २४,००० च भरता येतील, उरलेल्या ३६,००० वर ईआरसी. वर्ष कधी बदलतं हे माहीत असेल तर थोडे डिसेंबरमध्ये आणि थोडे जानेवारीत असं विभागता येतं. किंवा सरळ लोनचे दोन भाग करून एक भाग ईआरसी नसलेल्या ट्रॅकरवर (बेस रेटबरोबर वरखाली होणारा दर) ठेवता येतो का ते विचारा.

तिसरी, पोर्टिंग, म्हणजे घर बदलताना तीच डील नव्या घरावर नेणं. डील पोर्टेबल आहे असं लिहिलेलं असतं आणि लोक समजतात की घर बदललं तरी दर आपलाच. तसं नाही. नव्या घरासाठी पूर्ण अर्ज पुन्हा करावा लागतो, पगार, खर्च, घर सगळं पुन्हा तपासतात, आणि जास्तीचं लोन लागलं तर ते त्या वेळच्या दराने. मधल्या काळात कुणाची नोकरी गेली किंवा एक पगार बंद झाला तर पोर्टिंग नाकारलं जाऊ शकतं. जुनं घर विकल्यानंतर नवं घ्यायला किती महिन्यांची सवलत आहे तेही बघा.

चौथी फक्त परत जायचा विचार असलेल्यांसाठी. दोन वर्षं भारतात जाऊन घर भाड्याने द्यायचं असेल तर बँकेची परवानगी लागते, कन्सेंट टू लेट म्हणतात. न सांगता भाड्याने देऊ नका, तो कराराचा भंग आहे. परवानगी देतात का आणि दर वाढवतात का, हे डील घेतानाच विचारून ठेवा.

हे सगळं शोधायचं कुठे? बँक किंवा ब्रोकर जो मॉर्गेज इलस्ट्रेशनचा कागद देतो त्यात. अर्ज करण्याआधी तो मागून घ्यायचाच. त्यात दर, फिया, हप्ते, लवकर फेडण्याचे चार्जेस पौंडांत आकड्यांसकट लिहिलेले असतात. फोनवर कुणी काय सांगितलं त्यापेक्षा या कागदावर काय आहे ते खरं.

पायरी ८ : दोन वर्षं की पाच?

या दोन्हींची थेट बेरीज करून तुलना होत नाही, कारण दोन वर्षांनंतरचा दर आज कुणालाच माहीत नाही. पण उलटा प्रश्न विचारता येतो: दोन वर्षांनी मला किती दर मिळाला तर दोन्ही सारखं पडेल?

समजा दोन वर्षांची ४.३५ आणि पाच वर्षांची ४.५०. पाच गुणिले ४.५० म्हणजे २२.५, त्यातून दोन गुणिले ४.३५ म्हणजे ८.७ वजा, राहिले १३.८, त्याला तीनने भागा: ४.६. ढोबळमानाने, पुढच्या तीन वर्षांचा दर ४.६ च्या खाली मिळाला तर दोन वर्षांची स्वस्त. पण दोन वर्षांनी पुन्हा फी भरावी लागेल. ती १,००० पौंड धरली तर हा आकडा उतरून ४.४६ च्या आसपास येतो. आता तुम्हाला काय वाटतं ते ठरवा. अंदाज कुणाचाही चुकू शकतो, म्हणून मला दराच्या अंदाजापेक्षा तुमच्या आयुष्यातल्या तारखा महत्त्वाच्या वाटतात: दीड वर्षात आयएलआर मिळणार असेल आणि मग जास्त लेंडर खुले होणार असतील तर दोन वर्षं. मूल लहान आहे, एकच पगार आहे, हप्ता वाढला तर झेपणार नाही, तर पाच, थोडा महाग पडला तरी.

पायरी ९ : अर्ज, आणि त्यानंतरही लक्ष

क्रम असा ठेवा. आधी डिसिजन इन प्रिन्सिपल, म्हणजे साधारण किती लोन देऊ याचा बँकेचा प्राथमिक होकार. त्याला बहुतेक ठिकाणी सॉफ्ट सर्च (वरवरची क्रेडिट तपासणी) होतो, क्रेडिट फाइलवर डाग पडत नाही, तरी विचारून घ्या. मग इलस्ट्रेशन वाचणं. मग एकाच ठिकाणी पूर्ण अर्ज. चार बँकांकडे एकदम पूर्ण अर्ज टाकू नका, प्रत्येकाचा हार्ड सर्च (पूर्ण क्रेडिट तपासणी) तुमच्या फाइलवर नोंदला जातो.

बँकेची मॉर्गेज ऑफर साधारण तीन ते सहा महिने टिकते. नव्या बांधकामात ताबा लांबला तर ऑफर संपू शकते, तेव्हा मुदत वाढवून मिळते का ते आधीच विचारा. ऑफर हातात आल्यानंतर दर उतरले तर कंप्लीशनच्या आधी त्याच बँकेच्या नव्या डीलवर जाता येतं का, हेही. बऱ्याचदा येतं, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

आधीचं मॉर्गेज असलेल्यांनी फिक्स संपायच्या सहा महिने आधी सुरुवात करायची. तुमची सध्याची बँक प्रॉडक्ट ट्रान्सफर, म्हणजे तिच्याकडेच नवी डील, देईल, त्यात वकील नाही, व्हॅल्युएशनची कटकट नाही, बहुतेक वेळा पगाराची पुन्हा तपासणीही नाही. पगार कमी झालाय किंवा नोकरी बदलताय तर हाच मार्ग सोपा. पण ती ऑफर आली म्हणून तीच घेऊ नका, पाचव्या पायरीचा हिशोब तिलाही लावा. बऱ्याच बँका चार ते सहा महिने आधी दर लॉक करू देतात आणि नवी डील सुरू होईपर्यंत बदलूही देतात, म्हणून आधी एक लॉक करा आणि मग निवांत बाजार बघत राहा.

तारखेत घोळ झाला तर काय होतं ते आकड्यात सांगते. २,३८,००० शिल्लक आहे, फिक्स संपला, आणि समजा एसव्हीआर ७.५ आहे. एका महिन्याचं व्याज १,४८८ च्या आसपास, ४.३५ ने ते ८६३ झालं असतं. एक महिना उशीर म्हणजे सव्वासहाशे पौंड. उलट घाई केली आणि फिक्स संपायच्या आठवडाभर आधी नवं मॉर्गेज सुरू झालं तर १ टक्का ईआरसी म्हणजे २,३८० पौंड! वकिलाला कंप्लीशनची तारीख लेखी कळवा: ईआरसी संपते त्याच्या दुसऱ्या दिवशी, आधी नाही. आणि ती तारीख जुन्या बँकेकडून फोनवर नाही, पत्रात किंवा ईमेलवर मागवून घ्या.